लेकरांना वनस्पतिशास्त्र शिकवायचंय, परसबागेत काय पेरू?

चिंचेखालची शाळा

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पाचवीला परिसर अभ्यास, सहावी-सातवीला सामान्य विज्ञान शिकवते. शाळेत परसबाग आहे, म्हणजे पोषण आहाराच्या खिचडीत टाकायला कढीपत्ता, कोथिंबीर, एक शेवगा आणि थोडी वांगी. स्पर्धेचे फोटो काढून झाले की तिकडं फक्त स्वयंपाकाच्या ताई फिरकतात. यंदा मला ती जागा विज्ञानाच्या तासाला वापरायची आहे.

अडचणी आधीच सांगते. स्वयंपाकघराच्या मागं एक लांबट पट्टा, काळी माती, ऊन भरपूर. पाणी हात धुण्याच्या नळाचं, उन्हाळ्यात तेही टँकरच्या भरवशावर. बीजाचे भाग, मूळ-खोड-पान, परागीभवन हे सगळं पुस्तकात आहे आणि लेकरं पाठ करून लिहितातही. पण परवा विचारलं, "दोडक्याला आधी फूल येतं का फळ?" निम्मा वर्ग गप्प. यातल्या बहुतेकांच्या घरी कुडावर दोडक्याचा वेल आहे!

मला हिरवीगार बाग नकोय. थोड्या पाण्यात, थोड्या दिवसांत लेकरांच्या डोळ्यांदेखत काहीतरी घडलं पाहिजे आणि त्यांनी "असं का?" म्हणून मला छळलं पाहिजे. त्यासाठी काय पेरावं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. "मुलांचं निसर्गाशी नातं" हे कृपया नको, त्यावर लेख पुष्कळ आहेत.

परभणीचा पाव्हणा

मॅडम, भाजीच्या बियांची पाकिटं नंतर आणा, आधी घरातले कडधान्याचे डबे उघडा. चवळी, मूग, सोयाबीन, हरभरा, तूर. एका ओळीत, एकाच दिवशी, प्रत्येकाचे सात-आठ दाणे, सगळे सारख्याच खोलीवर. पाणी द्या आणि तोंडातून एक शब्द काढू नका.

आठवड्याभरात ओळीत दोन तट पडलेले दिसतील. चवळी, मूग आणि सोयाबीन आपली दोन्ही दलं, म्हणजे बीजपत्रं, वर घेऊन येतात. ठेंगण्या दारातून वाकून बाहेर यावं तशी आधी नुसती मान निघते, मग ती सरळ होते आणि दलं उघडतात. हरभरा आणि तूर मात्र दलं मातीतच ठेवतात, वर येतो तो थेट कोवळा शेंडा. इथं एकच प्रश्न टाकायचा: "हरभऱ्याची डाळ कुठं गेली?" कुणीतरी पोरगं उकरून बघणारच. बघू द्या, त्यासाठीच जास्त दाणे टाकलेत.

पुढची पायरी मराठवाड्याची. हीच ओळ पुन्हा पेरा, पण पाणी दिल्यावर वरून माती थापा आणि दोन दिवस कडक ऊन लागू द्या. आपल्या काळ्या मातीवर पापडी धरते. सोयाबीनला दोन जाड दलं घेऊन ती पापडी फोडायची असते, त्यात बऱ्याच रोपांची मान मोडते. तुरीचा टोकदार शेंडा त्यामानानं निभावून नेतो. पेरणीवर जोराचा पाऊस झाला, मग उघडीप पडली आणि सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरावं लागलं, हे प्रत्येक लेकरानं घरी ऐकलेलं असतं. बाप का कावला होता ते त्यांना या एका ओळीत दिसतं.

अजून एक. मान मोडलेलं सोयाबीन परत येत नाही, कारण दलांच्या खाली फुटायला डोळाच नसतो. हरभऱ्याचा शेंडा शेळीनं खाल्ला तरी तो खालून फुटतो, त्याचे डोळे मातीत सुरक्षित असतात. रब्बीत हरभऱ्याचे शेंडे भाजीसाठी खुडतात ना? अर्ध्या रोपांचे खुडा, अर्ध्यांचे राहू द्या आणि महिन्यानं दोन्हीकडच्या फांद्या मोजा. शेंडा असेपर्यंत खालचे डोळे दबून राहतात, तो गेला की ते फुटतात. प्रयोगाची भाजी घरी न्यावी.

गोदाकाठ

वरच्या प्रतिसादाला जोडून दोन छोट्या गोष्टी, दोन्ही बाजारातल्या.

धना म्हणजे बी नव्हे, फळ आहे. आत दोन बिया असतात. म्हणून आजी धने पेरण्याआधी चपलेखाली रगडून दोन फाकी करते. अर्धे रगडून, अर्धे अख्खे पेरा आणि कुठून किती कोंब आले ते मोजा. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस घेते, तोवर मेथी वर येऊन डोलायला लागते, त्यामुळं शेजारी मेथी ठेवा, नाहीतर लेकरं कंटाळतात.

दुसरं, आपल्या देशी पालकाचं बी. खडबडीत दाणा एकच दिसतो, पण उगवताना त्यातून दोन-तीन रोपं निघतात, कारण तो बियांचा गुच्छ असतो. "एका बीतून एक झाड" असं फळ्यावर लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या आठवड्यात तेच वाक्य लेकरांकडून खोडून घ्यायचं. त्यांना मास्तरांचं लिहिलेलं खोडायला फार आवडतं.

सातबारा

मॅडम, राग मानू नका, पण कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून बोलतो. आमच्या गावात हे केलं तर पहिलं वाक्य काय येईल माहितीय का? "शेतातच राबायचं होतं तर लेकरू शाळेत कशाला घातलं?" लोकं तीन एकर कोरडवाहूवर लेकराला शिकवायलेत ते त्यानं खुरपं सोडावं म्हणून. अन् तुम्ही त्याच्या हातात खुरपं देणार.

दुसरी गोष्ट. शाळेच्या बागेत पाणी कोण घालतं, गवत कोण काढतं ते एकदा बघा. पोरी. किंवा मग ठराविक घरची पोरं. अन् फोटोत पाटी धरून कोण उभं राहतं, तेही बघा.

तिसरी. शेतकऱ्याच्या लेकराला बी कसं उगवतं हे शिकवायची गरज नाही. ते तुम्हाला शिकवंल. शहरातल्या लेकरांना करा हे प्रयोग, त्यांना टमाटे झाडाला लागतेत का वेलाला ते माहीत नसतं.

चिंचेखालची शाळा

सातबारा, राग कशाचा? पहिले दोन मुद्दे मला मान्य आहेत, म्हणून तर विचारतेय. खुरपणी-निंदणी माझ्या तासात नसेल. पट्टा छोटा आहे, तेवढं मी आणि शिपाई मामा बघू. पाण्याच्या पाळ्या हजेरीच्या क्रमानं लावणार, मुलगा-मुलगी बघून नाही.

तिसरा मात्र पटला नाही. लेकरांना शेती माहीत आहे, कबूल. कोणत्या नक्षत्रात काय पेरतात ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. पण सोयाबीन मान मोडून मरतं आणि तूर का वाचते, हे त्यांच्या वडिलांना तरी कुणी कधी उकरून दाखवलंय का? मलाही पाव्हण्यांच्या प्रतिसादात पहिल्यांदाच कळलं, आणि माझी पदवी विज्ञानाची आहे.

जीवशास्त्रवाली

मी छत्रपती संभाजीनगरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आधी तुमच्या दोडक्याच्या प्रश्नाबद्दल. निम्मा वर्ग गप्प बसला ते कदाचित बरोबरच होतं! दोडक्याचं मादी फूल कळी असतानाच बघा: पाकळ्यांच्या खाली बोटाच्या पेराएवढा, शिरा असलेला चिमुकला दोडका आधीच असतो. नर फुलाखाली नुसता देठ. मग आधी फूल का आधी फळ? ते चिमुकलं म्हणजे अंडाशय. परागकण मिळाले तर ते वाढतं, नाही मिळाले तर पिवळं पडून गळतं. घरोघरी "कळ्या गळायल्या" म्हणून जी तक्रार असते, त्यातला मोठा भाग हाच. आणि "नुसती फुलंच येतात, दोडके येत नाहीत" ही दुसरी तक्रार, कारण वेलावर सुरुवातीला नर फुलंच येतात.

आता गंमत वेळेची. दोडका संध्याकाळी उमलतो, शाळा सुटल्यावर. दुधी भोपळ्याची पांढरी फुलंही संध्याकाळी, त्यांच्याकडं रात्रीचे पतंग येतात. घोसाळं दोडक्याचं सख्खं भावंड, पण ते पहाटे-सकाळी उमलतं. लाल भोपळा, काकडी, कारलं हेही सकाळचे. हे तुम्ही सांगू नका. गृहपाठ द्या: "तुमच्या घरच्या वेलाचं फूल किती वाजता उघडतं आणि त्यावर कोण बसतं?" दुसऱ्या दिवशी वर्गात भांडण ठरलेलं, कारण एकाच्या घरी दोडका असतो आणि दुसरीच्या घरी घोसाळं, आणि दोघंही खरं बोलत असतात.

पट्ट्यावर मात्र लाल भोपळा लावा, तो शाळेच्या वेळेत सापडतो. फुलं मोठी असतात, लहान बोटांना जमतं. आदल्या दिवशी संध्याकाळी उद्या उमलतील अशा मादी कळ्या हेरायच्या (टोक पिवळं झालेलं असतं) आणि त्यांवर कागदी पिशवी दोऱ्यानं बांधायची. सकाळी लवकर काही पिशव्या सोडून नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या काढायच्या, मधल्या दांड्यावरची पिवळी पूड मादी फुलाच्या मध्यभागी अलगद फिरवायची आणि पिशवी परत बांधायची. काही पिशव्या अजिबात सोडायच्या नाहीत. काही फुलं उघडीच ठेवायची, मधमाश्यांच्या हवाली. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा. एकेका फुलावर निकाल लावू नका, कारण पराग मिळूनही काही फळं वेल स्वतःच गाळतो. चार-पाच फुलं तरी हवीत प्रत्येक रंगाची. "पिशवीमुळंच गळलं असेल" अशी शंका एखादं लेकरू काढेल. काढलीच पाहिजे. हातानं पराग लावून पिशवीत ठेवलेली फुलं त्यासाठीच आहेत.

दुसरा धडा भेंडीचा, पण एकट्या भेंडीचा नाही. भेंडी, अंबाडी, कापूस, जास्वंद अशी चार फुलं टेबलावर मांडा. आपल्याकडं चारही फुकट मिळतात. पाच पाकळ्या, आणि मधोमध पुंकेसरांची जुळून झालेली नळी, तिच्यातून वर डोकावणारा स्त्रीकेसर. जास्वंदीत ही नळी लांब म्हणून चटकन दिसते, भेंडीत आखूड. चारही एका कुळातली. मग विचारा, भेंडीतली ठिपक्यांची अळी कापसाच्या बोंडात कशी जाते? तुडतुडे दोन्हीकडं का? कुळ हा शब्द पाठ करून न येणारं काहीतरी तिथं येतं. कापसाचं फूल पहिल्या दिवशी पांढरट आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी का होतं, हेही कुणीतरी विचारेल. उत्तर द्यायची घाई करू नका, फुलाला दोरा बांधून तारीख लिहायला लावा.

वांग्याच्या फुलांतही बघण्यासारखं आहे. एकाच झाडावर काही फुलांचा स्त्रीकेसर पिवळ्या पुंकेसरांच्या बाहेर आलेला असतो, काहींचा आत दडलेला. बाहेर आलेल्यांना वांगी धरतात, अगदी आखूड असलेली गळतात. दोन्हींना दोरे बांधून लेकरांनाच शोधू द्या.

परभणीचा पाव्हणा

भेंडी निघालीच आहे तर आमच्या गावचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. "परभणी क्रांती" ही भेंडी इथल्याच कृषी विद्यापीठाची (१९७२ ला स्थापना झाली, आता वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ). पुसा सावनी भेंडी आणि भेंडीची एक रानटी जात यांच्या संकरातून ती काढली, कशासाठी, तर केवड्यासाठी. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान आणि भेंडीही पिवळी, तो विषाणूचा रोग. पांढरी माशी तो पसरवते. दोन वाण शेजारी लावा आणि कुणाला केवडा आधी येतो ते बघा. शिरा पिवळ्या पडलेलं पान शेजारच्या निरोगी पानाला घासलं म्हणून हा रोग लागत नाही, माशीच लागते, हेही लेकरांना नवल वाटतं.

जालना जवळ असेल तर तोही विषय जोडा. १९६४ साली तिथं महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू झाली. संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित भोपळ्याचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर सगळी फळं सारखी का येत नाहीत, हा सातवीच्या लेकरांना झेपणारा प्रश्न आहे. देशी आणि संकरित शेजारी ठेवा म्हणजे झालं.

भुईमूगवाला

मी मास्तर नाही, शेतकरी. पण एक सांगतो.

तुमची माती काळी म्हणताय, म्हणजे चुनखडी असणार. चिमूटभर कोरडी माती बशीत घ्या, तिच्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. चुनखडी जास्त असेल तर बुडबुडे येतात, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते. गावातल्या चार ठिकाणची माती आणायला सांगा: ओढ्याची, माळाची, गावठाणाची, मळ्यातली. कुणाची जास्त फसफसते त्याचा क्रम लावा.

ह्या चुनखडीमुळं आमचा भुईमूग आणि सोयाबीन पिवळं पडतं. मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. कसं ओळखायचं? नवी, शेंड्याची पानं पिवळी अन् शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. कारण नत्र झाड जुन्या पानातून काढून नव्या पानाला देऊ शकतं, लोह देऊ शकत नाही. बघा, पान कुठलं पिवळं पडलं एवढ्यावरून आतला सगळा कारभार कळतो.

खात्री करायची असंल तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) टाका, थोडं लिंबू पिळा. कापसाच्या बोळ्यानं पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागावर लावा, संध्याकाळच्या वेळी. लोहच कमी असंल तर काही दिवसांनी तेवढाच भाग हिरवा व्हायला लागतो, बाकीचा तसाच. फवारणी करून सगळं झाड हिरवं केलं तर लेकरू म्हणतं, पाऊस पडला म्हणून झालं. अर्धं पान हिरवं झाल्यावर त्याला काही म्हणायला जागा नाही. हिराकसाचं पाणी मोठ्या माणसानं करावं, लेकरांनी फक्त लावावं, कपड्याला डाग पडतेत.

अन् चवळी पेरणारच आहात तर महिन्यानं एक झाड उपटू नका, खणून काढा. मुळ्या बादलीत हळू धुवा. गाठी दिसतील. एक नखानं चिरा. आतून गुलाबी निघाली तर ती हवेतला नत्र धरायलीय. भेंडीचं झाडही तसंच खणून दाखवा, गाठी नसतात.

तिसरा मजला

आम्ही शहरात. सातबारांनी म्हटलेली शहरी लेकरं ती आमचीच. माझ्या मुलाला टोमॅटो वेलाला लागतात असंच वाटायचं, तेव्हा टोला मान्य :)

जागा नसणाऱ्यांसाठी: तेलाच्या पत्र्याच्या दोन डब्यांत मेथी पेरा, एक गॅलरीत, एक कपाटात. कपाटातली जास्त उंच होते! पोरगं म्हणालं, अंधारात झाड चांगलं वाढतं. तिथंच थांबलो, मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी कपाटातली पिवळी, लुळी होऊन पडली, मग प्रश्न त्यानंच विचारला. उंची मोजणं आणि वाढ मोजणं यांत फरक आहे हे मला तरी याहून सोपं सांगता आलं नसतं.

कढीपत्ता असेल तर पानं निरखून बघा. पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी अळी असते, मोठी झाली की हिरवीगार होते. फुलपाखराची आहे, मारू नका. लिंबावरही तीच दिसते, कारण कढीपत्ता आणि लिंबू एका कुळातले. पान चुरगळून दोन्हींचा वास घ्यायला सांगा, शिवाय पान उजेडाला धरलं की तेलाचे ठिपकेही दिसतात.

चिंचेखालची शाळा

केवढं दिलंत! एक विचारायचं होतं. पुस्तकात पानावर आयोडीन टाकून पिष्टमय पदार्थ दाखवायचा प्रयोग आहे. स्पिरिटमध्ये पान उकळायला लावतात. स्वयंपाकघराशेजारी हे मला करवत नाही.

जीवशास्त्रवाली

बरोबर आहे, स्पिरिट आणि ज्योत एकत्र आणायचीच नाही. करायचंच असेल तर गॅस पूर्ण बंद करून, उकळत्या पाण्याच्या भांड्यात स्पिरिटची परीक्षानळी, तीही तुम्ही स्वतः, लेकरं लांब. नाहीतर सोडून द्या. बटाटा, शिजलेला भात, रताळं, कांदा, काकडी यांच्या फोडींवर आयोडीनचा थेंब टाका. निळंकाळं कुठं होतं, कुठं होत नाही ते बघा. कांद्यावर होत नाही हे बघून लेकरं चक्रावतात. कांदा पिष्ट साठवत नाही, त्याचा साठा साखरेच्या रूपात असतो.

परभणीचा पाव्हणा

सातबारांच्या पहिल्या मुद्द्यावर रात्रभर विचार केला. मॅडम, बापाला शाळेत आणायचं असेल तर मे महिन्याच्या शेवटी नाहीतर शाळा भरल्या भरल्या सोयाबीनची उगवण चाचणी घ्या. प्रत्येक लेकरानं घरच्या बियाण्यातले १०० दाणे आणायचे, न निवडता, मूठ भरून जे येतील ते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, वर दुसरं ओलं गोणपाट, हलकी गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी उघडून निरोगी कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त असतील तर एकरी नेहमीचं ३० किलो. ६० च निघाले तर? ३० गुणिले ७० भागिले ६०, ३५ किलो. त्रैराशिकही झालं, आणि लेकरू घरी जाऊन बापाला सांगतंय की यंदा पाच किलो जास्त टाका. सोयाबीनचं साल नाजूक असतं, मळणी यंत्राच्या वेगानं आणि पोती आदळून बी फुटतं, त्यामुळं घराघराचे आकडे वेगळे येतात. कुणाचे कमी आले, त्यांनी पोती कशी हाताळली, ही चर्चा आपोआप सुरू होते.

सोबत सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा एक डबा उघड्यावर ठेवा आणि रोज पट्टीनं पाणी मोजून लिहा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणून कृषी खातं दरवर्षी सांगतं. ते मिलिमीटर म्हणजे नेमकं किती, हे लेकरांच्या वहीत असलं पाहिजे.

सातबारा

हे चालतंय. गोणपाटाचं माझ्या पोराला आजच सांगतो. पेरणीच्या तोंडावर बाप ऐकंल, कारण बॅग केवढ्याला झालीय ते त्यालाच माहीत.

पण एक खबरदारी. विकतच्या पिशवीतलं बी बऱ्याचदा लाल, निळं, हिरवं असतं, ते औषध लावलेलं. ते लेकरांच्या हातात द्यायचं नाही. चाचणीला घरचं, न लावलेलं बीच घ्या. अन् बागेत पाणी घालायला फवारणीचा रिकामा डबा कुणी आणला तर तो परत पाठवू नका, तिथंच फोडून टाका. धुऊन वापरतेत लोकं.

गोदाकाठ

पाण्यासाठी: जुनी, रंग न दिलेली मडकी गळ्यापर्यंत पुरा, भोवतीनं भोपळा-दोडका लावा, पाणी मडक्यात भरून झाकण ठेवा. रविवारची सुट्टी आरामात निघते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र गावातल्या कुणाला तरी सांगावंच लागतं. टमाटे उन्हाळ्यात धरू नका, आपल्याकडच्या उन्हात फुलं गळतात, पाणी वाया जातं.

औशाचा

लातूरच्या मॅडम आहात आणि येळवशीचं, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाचं, नाव कुणी काढेना! परीक्षा घ्यायची तर त्या दिवशी घ्या. म्हणजे त्या दिवशी शाळेत कुणी नसतं, सगळे शेतात. आदल्या दिवशी घ्या.

भज्जीला, म्हणजे येळवशीच्या मिसळ भाजीला, जे जे लागतं ते प्रत्येकानं थोडं थोडं आणायचं: तुरीचे ओले दाणे, ओला हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगं, हिरवी मिरची, चिंच. अंगणात ढीग घालायचा. आता वेगळं करा: हे मूळ, हे खोड, हे पान, हे फळ, हे बी. गाजराला कुणी अडत नाही. पातीच्या खालच्या पांढऱ्या गड्ड्यावर मात्र तासभर वाद होतो. आडवा-उभा कापून दाखवा: थर सगळे पानांचे, खोड म्हणजे तळाची ती कडक चकती, जिथून मुळ्या फुटतात. वांगं फळ आहे हे लेकरं मानतात, मिरची फळ आहे हे मानायला वेळ लागतो. शेंगदाण्याला कुणीतरी मूळ म्हणणारच, कारण तो मातीतून निघतो. तेव्हा भुईमुगाचं फुललेलं झाड कुठं मिळतंय का बघा, नाहीतर खरिपातलाच फोटो काढून ठेवा: फूल वर येतं, मग त्याच्या बुडातून आरी निघून खाली मातीत घुसते आणि टोकाला शेंग धरते.

मग दुसरी वाटणी करा, कुळाप्रमाणं. तूर, हरभरा, वाटाणा, वाल, शेंगदाणा, मेथी, चिंच असा अर्धा ढीग एकाच बाजूला जातो. मेथी त्यात कशी, असं विचारतील. तिला फूल-शेंग येईपर्यंत कुणी ठेवतच नाही, म्हणून दिसत नाही. चार झाडं न खुडता राखा.

चिंचेखालची शाळा

चिंच डोक्यावर असून माझ्या लक्षात आली नसती :)

ठरलं. जूनमध्ये गोणपाट आणि पावसाचा डबा, मग पाव्हण्यांची पाच डाळींची ओळ, पट्ट्याच्या टोकाला मडक्यावर लाल भोपळा, कडेनं भेंडी-अंबाडी, कापूस शाळेमागच्या शेतातला दाखवेन. येळवशीच्या आदल्या दिवशी भज्जीचा ढीग.

आज सहज वर्गात सांगितलं की डाळी पेरणार आहोत. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुरी पेरणार का तुरीची डाळ?" तुरी, म्हटलं. तर म्हणे, "डाळ का उगवत नाही? तीपण तूरच आहे की." तिचे वडील लातूरला डाळ मिलवर कामाला आहेत. काय सांगू?

जीवशास्त्रवाली

काही सांगू नका, तिलाच पेरायला लावा. आधी तुरीचा भिजवलेला अख्खा दाणा सोलून दोन फाकी करा. कडेला एक बारीक कोंब चिकटलेला असतो, तोच पुढचं झाड. बाकीची डाळ त्याची शिदोरी. मिलमध्ये तेल-पाणी लावून, वाळवून भरडताना तो कोंब सुटतो आणि चुणीत, म्हणजे डाळीच्या चुऱ्यात, जातो. वडिलांना मूठभर चुणी आणायला सांगा, भिंगाखाली कोंब सापडतात का बघा. अख्खी तूर, घरी भिजवून अलगद फोडलेली कोंबासकट एक फाक, कोंब नसलेली फाक आणि दुकानातली डाळ, अशा चार वाट्या ओल्या कापसावर ठेवा.

सातबारा

कोंबवाली अर्धी फाक उगवली तर इथं लिहा मॅडम. मी पैज लावून बसलोय घरी.